नऊ नंबरची काच

नईममिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. चौथीच्या वर्गात मी भागाकार शिकवत होते आणि मागच्या भिंतीशी एक उंच, किंचित वाकलेला माणूस भिंतीला नाक लावून उभा होता. मुलं माना वळवून हसत होती. मी आवाज चढवला, "कोण हो तुम्ही? वर्ग चालू आहे."

त्यांनी मागे न बघता एक बोट वर केलं, थांबा म्हणून. वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि मग वळले. "बाई, तुमी पोराईले शिकवा. मी भिंतीले पाहून राह्यलो. आपलं कोणी कोणाले अडवत नाई."

ही १९९५ सालची गोष्ट. चंद्रपूरच्या कडेला, राजुऱ्याच्या रस्त्यावर, कोळसा खाणीची एक जुनी वसाहत होती. लोक तिला 'आठ नंबर' म्हणत. खाण बंद पडली, साहेब बदलून गेले, कामगारांना दुसरीकडे क्वार्टर मिळाले. दोन वर्षांत रिकाम्या घरांची दारं-खिडक्या गेली, मग छपरावरचे पत्रे, शेवटी संडासाची भांडीसुद्धा. शाबूत राहिला फक्त ऑफिसरांचा क्लब, कारण त्याला कुलूप होतं आणि चौकीदार होता. आमच्या शाळेचं छप्पर गळून गळून खचलं तेव्हा तो क्लब आम्हाला मिळाला. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लाकडी पडदे उभे करून चार वर्ग केले. फरशीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेषा तशाच होत्या. माझी चौथी मागच्या रेषेला टेकून बसायची.

खाली जुनं खोदकाम होतं, म्हणून भिंतींना भेगा होत्या. दर आठवड्याला भेगा तपासायच्या, या अटीवर इमारत मिळाली होती आणि ते काम नईममिस्त्रींकडे होतं. त्यांची पद्धत साधी होती. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. भिंत जागेवर असली तर काच शाबूत. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. अशा चौदा पट्ट्या होत्या. प्रत्येकीशेजारी त्यांच्या हाताने रंगवलेला नंबर आणि तारीख असे.

काच ते वरोऱ्याहून आणत. तिथे त्यांच्या मोठ्या भावाचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. तिथल्या उरलेल्या कापांतून ते नखासारखी पातळ काच निवडत. मी एकदा विचारलं, खिडकीची जाड काच का नको? म्हणाले, "जाड काच दम धरते, बाई. मार खाते पन बोलत नाई. मले लगेच रडनारी पाह्यजे."

पुढच्या वर्षी एक घोळ झाला. एक काच फुटलेली दिसली म्हणून त्यांनी शाळा बाहेर काढायला लावली. दोन दिवस आम्ही कडुलिंबाखाली बसलो. तिसऱ्या दिवशी एका मुलाने कबूल केलं की काच त्याच्या गुलेरीच्या खड्याने फुटली. आमचे मुख्याध्यापक उरकुडे सर यांच्याकडून वरून लेखी खुलासा मागवला गेला. तेव्हापासून मिस्त्रींचं नाव 'काचवाला' पडलं. ते दिसले की सर हाक मारायचे, "काय मिस्त्री, आज पडते का शाळा?"

"आज नाई सर. तुमी रजेवर जा, मग पाडतो."

सगळे हसत. तेही हसत. पण तेव्हापासून ते तुटलेल्या काचेचे तुकडे आधी जुळवून बघू लागले. खडा लागला तर काच चांदणीसारखी फुटते आणि भिंतीने ओढली तर सरळ चिरते, हे मला त्यांनीच शिकवलं.

१९९७च्या डिसेंबरमध्ये एका शुक्रवारी दुपारी बाराला शिक्षणाधिकारी तपासणीला येणार होते. शाळा झाडून-पुसून लख्ख होती. नईममिस्त्री पुतणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस वरोऱ्याला होते. ते साडेअकराला बस स्टँडवरून थेट शाळेत आले, नवा सदरा, हाताला अत्तराचा वास. भराभरा एकेक काच पाहिली. चौदाच्या चौदा शाबूत. "चला, निकाल चांगला लागला," म्हणाले आणि माझ्या वर्गातून बाहेर पडता पडता थबकले.

मागे आले. नऊ नंबरच्या काचेच्या कडेवर नख फिरवलं. एकदा, दोनदा.

"बाई, ही काच माझी नाई."

शिपाई इतवारी दारातच फुलांचा हार घेऊन उभा होता. तो खुशीत पुढे आला. "मीच लावली, मिस्त्री. फुटली होती. एखाद्या पोराच्या हातात घुसली असती. अन् साहेब येऊन राह्यले, फुटकी काच बरी दिसते का? क्वार्टरच्या खिडकीची कापून आनली."

"कधी फुटली?"

"सोमवारी."

"कशी? चांदनीवानी, का सरळ?"

"सरळ. मधातून." इतवारी जरा थांबला. "सोमवारी लावलेलीबी काल फुटली नं. ही दुसरी हाय."

मिस्त्रींचा हात भिंतीवरच राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "जाड काच फुटली, इतवारीभाऊ? जाड?"

मी उरकुडे सरांना बोलावलं. सरांनी घड्याळ पाहिलं. "साहेब वरोऱ्याहून निघाले आहेत. येऊन जाऊ द्या, मग बघू. गेल्या वर्षी तुमच्यामुळे काय झालं ते विसरले का, काचवाले?"

"नाई विसरलो. म्हनूनच हात जोडून सांगून राह्यलो."

"आणि साहेब विचारतील, पोरं बाहेर काऊन, तर काय सांगू? काच जाड आहे म्हणून?"

सर माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांसमोर वर्गाचं दार होतं. बुधवारपासून ते खाली घासत होतं. थंडीत लाकूड फुगत नाही, हे मला कळत होतं. तरीही मीच इतवारीला म्हटलं होतं, रंधा मारून घे. त्याने मारलाही होता, आणि आज ते पुन्हा घासत होतं.

मी सरांना ते सांगितलं. सरांनी दाराकडे पाहिलं. मी वर्गाकडे तोंड करून म्हटलं, "कवायत. रांगेत. दप्तरं इथेच."

चारही वर्ग बाहेर आले. सव्वाशे मुलं. मी हजेरीपटाशी दोनदा मोजली. शेवटचं पोर कडुलिंबाखाली पोचलं आणि जीप फाटकातून आत आली.

साहेब उतरले ते थेट दाराकडे निघाले. मिस्त्री दारात आडवे झाले, दोन्ही हात चौकटीला.

"हे कोण?" साहेब म्हणाले. सरांनी खाली पाहिलं.

"साहेब, एक तास द्या," मिस्त्री म्हणाले. "भिंतीच्या भेगेवरची काच बदलली हाय. मी माझी काच लावतो. ती टिकली तर मले पोलिसात द्या, पोराईले आत न्या. फुटली तर नका नेऊ."

पिशवीत त्यांनी भावाकडची काच आणि प्लास्टर ऑफ पॅरिस आणलंच होतं. ते एकटेच आत गेले. खिडकीतून आम्ही त्यांची पाठ पाहत होतो. सिमेंटऐवजी प्लास्टर लावलं, लवकर सुकतं म्हणून. थंडीतही सदरा पाठीला चिकटला होता. काम झाल्यावरही ते बाहेर येईनात, भेगेच्या वरच्या टोकाकडे बघत राहिले. मी ओरडले, "मिस्त्री, या आता!" तेव्हा आले.

मग सगळे खिडकीतून एका बोटभर काचेकडे बघत उभे राहिलो. साहेबांसाठी खुर्ची आणली होती, तेही बसले नाहीत. इतवारीच्या हातातला हार तसाच होता. एक वाजला. जुम्याच्या नमाजाची वेळ झाली, मिस्त्री हलले नाहीत. सव्वा वाजला. सर माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, आपली दोघांची नोकरी गेली."

दीड वाजायला थोडा वेळ असताना बांगडी फुटल्यासारखा बारीक आवाज आला. काच मधोमध, सरळ चिरली होती.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "मग इतके दिवस कळलं कसं नाही? काच बदलली कोणी?"

इतवारीची निवृत्ती दीड वर्षावर होती. तो पांढराफटक पडला. मिस्त्री म्हणाले, "भिंतीवर नजर ठेवायचं काम माझं होतं, साहेब. पंधरा दिवस मी आलोच नाई."

त्यात खोटं काही नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. सरही गप्प राहिले. साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

चार दिवसांनी, मंगळवारी, शाळा भरायच्या वेळेला क्लबची मागची भिंत आणि तिच्यावरचं छप्पर आत बसलं. आम्ही तेव्हा देवळाच्या सभामंडपात प्रार्थना म्हणत होतो. नंतर सगळ्या वसाहतीला काटेरी तार लागली. आज तिथे बाभळी आहेत. बॅडमिंटनच्या रेषा मात्र काही ठिकाणी अजून दिसतात.

अहवालात कामचुकारपणाचा शेरा आला आणि मिस्त्रींचं काम गेलं. इतवारी पुढे निवृत्त झाला. दर दिवाळीला तो शेतातले तांदूळ घेऊन मिस्त्रींकडे जायचा. का, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात मी वरोऱ्याला गेले तेव्हा त्यांना भेटले. आता सत्तरी उलटली आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. नईममिस्त्री भावाच्या दुकानात सकाळी दहा ते एक बसतात आणि फोटोच्या काचा कापतात.