आमच्या घरचा फॉरेनर

आमच्याकडे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सरकारी कामाला एकदा हात लावला की ते आपोआप साचतात, मोरीच्या जाळीत केस साचावेत तसे. कुठल्याही लग्नात पंगतीला बसलो की कुणीतरी म्हणतंच, दादाचं काय झालं ते सांग ना रे. सांगतो, पण आधीच बोलून ठेवतो, तेव्हा मला बिलकुल हसू येत नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हैदराबादेत, काचीगुड्याच्या याच घरात वाढला, कॅनडाला गेला, तिथला नागरिक झाला. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं सोडून तिच्याजवळ राहायला परत आला, मोठ्या मुदतीच्या व्हिसावर. मग कळलं की आता तो फॉरेनर. कुठे राहतो ते परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसला कळवायचं, पोलिसांनी घरी येऊन खात्री करायची, मगच मुदत वाढणार. नाही वाढली तर बॅग उचलायची!

*

घरात फॉरेनर ठेवला म्हणून मलाही कळवावं लागलं, ऑनलाइन. त्यात 'येण्याचं कारण' असा रकाना होता. दादा म्हणाला, "कारण 'आई', एवढंच लिही." मी तसंच लिहिलं. अर्ज परत आला: कारण स्पष्ट लिहा. मी वैतागून गच्चीवर फेऱ्या घालायला लागलो. याहून स्पष्ट काय लिहितात लोक?

*

आमच्या घराचा नंबर म्हणजे नुसते आकडे, आडव्या रेघा आणि तिरक्या रेघा. तेही चाललं असतं. पण बाबांनी हयात असताना एका वास्तुवाल्याच्या नादी लागून रस्त्याकडचं दार बुजवलं आणि मागच्या गल्लीत नवं उघडलं. नंबराची पाटी राहिली जुन्या दाराच्या भिंतीवर, आणि तिच्यापुढे आता पाण्याची टाकी. ऑफिसला फोटो हवा होता पाटीसकट. शेवटी दादाला टाकी आणि भिंतीच्या मधल्या फटीत आडवा घुसवला आणि स्टुलावर चढून फोटो काढला.

काउंटरवरच्या साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला. "इनको पकडको रक्खे क्या?"

मी कपाळाला हात लावला. दादाने वर त्यांनाच थँक्यू म्हटलं.

*

मग दादाने धसकाच घेतला. सिकंदराबादला मावशीकडे मुक्कामाला जायचं ठरलं, तर हा म्हणे आधी कळवायला हवं. मी म्हणालो, अरे खालीपिली कशाला, ते काय परगाव आहे? त्याने मेल टाकलाच. आणि मावशीला हे सांगायची दुर्बुद्धी मला झाली. तिने सगळं घर झाडून घेतलं, दिवाणावर नवी चादर घातली आणि पोलिसांच्या वाट्याचाही उपमा करून ठेवला. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा डबा घेऊन घरी आला आणि आम्ही पोलिसांचा उपमा खाल्ला.

*

खरे पोलीस आले ते आम्ही दोघं भाऊ बाहेर असताना. आई घरात एकटी. कॉन्स्टेबलने विचारलं, इथे कुणी फॉरेनर राहतो का. आईने ठासून सांगितलं, "हमारे घर में फॉरेनर-बिरेनर कोई नै. मैं और मेरे दो बच्चे." शेजारच्या आंटीनेही तशीच साक्ष दिली. या पत्त्यावर परदेशी नाही, असं लिहून तो निघून गेला.

झालं. अर्ज अडकला. मी आईवर ओरडलो, आणि ओरडता ओरडता मलाच वाईट वाटत होतं. ती काठी टेकून उभी होती. "मी काय खोटं बोलले रे? पोटच्या पोराला फॉरेनर म्हणू?"

मुदत संपत आली होती. दादाने माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. आई तिच्याकडे बघणं टाळत होती. मला तर घरात एका जागी बसवेना.

*

हातापाया पडून पुन्हा चौकशी लावून घेतली. आईला दोघांनी पढवलं. दादा एवढंच म्हणाला, "आई, या वेळी नाही म्हणालीस तर मला जावं लागेल." आई वाती वळत बसली होती. तिने पुढच्या वातीचा कापूस ओढला.

तोच कॉन्स्टेबल आला. दार उघडायला दादाच गेला, लुंगीवर, पायात रबरी चप्पल, आणि "आओ भाई, बैठो" म्हणून त्याच्यासाठी पंखाही लावला. कॉन्स्टेबल एकदा पासपोर्ट बघे, एकदा दादाचं तोंड. शेवटी आईकडे वळला.

"अम्मा, ये तो इधरकेच दिखरे. पिछले बार आप नै बोले. सच्ची फॉरेनर हैं?"

आईने दादाच्या लुंगीकडे पाहिलं, मग चपलेकडे.

"हौ बेटा," ती म्हणाली. "फॉरेनरच है."

"कैसा बोलते?"

"चाय दी तो मेरेको थँक्यू बोलता."

कॉन्स्टेबलने मान खाली घालून लिहून घेतलं. आई आत जाऊन चहा करून आली. ट्रे मी धरला, तिने एकेकाच्या हातात कप दिला. दादाने कप घेतला, तोंड उघडलं आणि परत मिटलं.