टाकीतलं पाणी

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी हे रोज खाली वाकतात आणि ब्रेकच्या हवेच्या टाकीचा नळ सोडतात. आज माहेरी जायला मी उसाच्या ट्रॅक्टरवरच बसणार होते, म्हणून जवळून पाहिलं. फुस्सकन हवा सुटली आणि मागोमाग काळपट पाणी धुळीत सांडलं.

"अहो, नुसत्या हवेत पाणी कुठनं आलं?"

"थंड आरशावर फुंकर घातली की ओल येते ना, तसंच. साचू दिलं की ब्रेक नीट धरत नाही."

मला एकदम धडकीच भरली. दोन ट्रॉल्या ऊस, पुढे घाटाचा उतार, आणि हे सगळं थांबणार ते हवेवर. ती दिसत नाही, मुठीत धरता येत नाही. रोज खाली वाकून विचारायचं, आहेस ना? माणसांवरचा भरवसाही असाच असावा. आत ओल कधी धरली ते कळतच नाही.

आमच्या मागे उभ्या ट्रॅक्टरला झेंडूचा हार होता, लिंबू-मिरची होती, गाणी मोठ्यानं लागली होती. त्याचा ड्रायव्हर चाकाला उदबत्ती ओवाळत होता.

"भाऊ, टाकीतलं पाणी काढलंत का?" मी विचारलं.

"सीझन लागल्यापासून हात लावला नाही, वहिनी. काय होत नाय!" तो हसला.

उतार लागला. यांनी ब्रेक दाबला, ट्रॅक्टर अलगद हळू झाला. आमची हवा शाबूत होती. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मागची गाणी जवळ येत होती.