मी घेतलेला एकमेव मराठीचा तास

बायकोचा मराठीचा वर्ग मी एका तासात बंद पाडू शकतो, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

दर शनिवारी सकाळी अबू धाबीतल्या आमच्या हॉलमध्ये ओळखीच्या घरांतली पाच मुलं मराठी शिकायला येतात. सगळी इथेच वाढलेली. आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं! त्यात तेरा वर्षांची तारा म्हणजे कहर. पहिले तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून फोन बघत बसली. वंदना (म्हणजे माझी बायको) तिला एकदाही "बोल" म्हणाली नाही. फक्त थालीपीठ थापलं की भोकं पाडायला ताराला हाक मारायची. भोकं पाडता पाडता तारा भिंत सोडून फळ्याकडे बघायला लागली. मराठी मात्र अजून एक शब्द नाही. "बोलेल गं बाई, घाई काय आहे?" असं वंदना ताराच्या आईला सांगायची.

त्या शनिवारी वंदनाचा घसा बसला.

"मी घेतो की वर्ग!" मुसफ्फ्याच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसं माझ्या एका हाकेवर हलतात, पाच पोरं म्हणजे किस झाड की पत्ती! वंदना दोन्ही हातांनी नको नको करत होती. मी तिला काढा पाजून आत झोपवलं.

"यल्ला, चला चला, सगळ्यांनी फोन द्या!" मी गरजलो.

"अंकल, काकू नेव्हर टेक्स अवर फोन्स," तारा म्हणाली.

"आज काकू नाहीत. आणि अंकल नाही, काका म्हणायचं!"

पाचही फोन मी इंडियाला न्यायच्या बॅगेत कोंबले (ही बॅग आमच्याकडे वर्षभर भरतच असते), नंबरचं कुलूप फिरवलं आणि तासभर पाढे लिहायला लावले. काय शांतता होती! तास संपता संपता बॅग वाजायला लागली. आधी एक फोन, मग दोन, मग पाचही! खाली गाड्यांमध्ये आया ताटकळत होत्या.

"काका, ओपन इट!"

मी वाकलो आणि नंबरच आठवेना. जन्मतारीख लावली, गाडीच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे लावले, फ्लॅटचा नंबर लावला. खलास! कुलूप ढिम्म.

"आय ॲम नॉट कमिंग अगेन," तारा दप्तर उचलत म्हणाली. बाकीच्या चौघांनीही दप्तरं उचलली. वंदनाची इतक्या महिन्यांची मेहनत मी तासाभरात धुळीला मिळवली होती.

तेवढ्यात शाल गुंडाळून वंदना बाहेर आली. तिने बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (त्याचं वर्णन करत नाही) आणि आयांना मेसेज टाकला, 'सगळं ठीक, थोडा उशीर होईल.' मग जमिनीवर बसून कुलपाचे तिन्ही आकडे शून्यावर आणले.

"तारा, माझा आवाज गेलाय," ती कुजबुजली. "मी आकडे फिरवते, तू मोजशील?"

"इन इंग्लिश?"

"तुला आवडेल तसं."

तारा दप्तर खाली ठेवून तिच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "एक."

एकोणतीसला अडखळली, एकोणसाठला रडकुंडीला आली. वंदना नुसती हसून थांबायची. बाकीची पोरं दप्तरं टाकून मदतीला धावली. शंभरानंतर तर सगळा हॉल ओरडत होता. "एकशे एकोणऐंशी!" आणि खट्! कुलूप उघडलं. फोन राहिले बाजूला, ताराने वंदनाच्या गळ्यालाच मिठी मारली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

मुलं गेल्यावर मी कपाळाचा घाम पुसला. "नशीब आपलं! नऊशे नव्याण्णवपर्यंत जावं लागलं असतं तर?"

"नंबर मला माहीत होता," वंदना कुजबुजली.

"आणि सांगितला नाहीस?"

"तिने 'एक' म्हटलं हो. मधेच कशी थांबवू तिला?"



पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी तारा आली आणि न मागता तिने माझ्या हातावर फोन ठेवला. "काका, बॅगेत ठेवा." माझी छाती फुगली. पोरगी मलाही मानायला लागली! तेवढ्यात ती स्वच्छ मराठीत पुढे म्हणाली, "पण कुलूप काकूंना लावू द्या."