दहा दिवस बांधून ठेवायचं कुत्रं

माझी शाळा तिसरीत सुटली. पण कुत्रं चावल्यावर काय करायचं, हे मला शाळेनं शिकवायची गरज नव्हती. ते मला सहाव्या वर्षापासून येत होतं, आणि सत्तरी ओलांडेपर्यंत मी त्याच भरवशावर होतो.

बजाजनगरात मुलाचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलगा वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो, सून घरी मशीनवर ब्लाउज शिवते, आणि नात दुसरीत आहे. कुत्रं मुलाच्या कंपनीतल्या जोडीदारानं दिलेलं. तो गावाकडं राहायला गेला आणि जाताना हे झेंगट आमच्या दारात ठेवून गेला. पांढरं, झिपरं, मांजराएवढं. ते दिवाणावर झोपायचं. कुत्र्यानं दारात झोपावं, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाय. त्याला लस द्यायची होती, ती या रविवारी, त्या रविवारी करत राहून गेली.

उन्हाळ्याची सुट्टी होती, दुपार होती. कुत्रं ताटलीत दूधभाकर खात होतं. नात त्याची ताटली मागून ओढायची, ते पुढं सरकायचं, ही परत ओढायची आणि हसायची. मी खुर्चीवर बसून बघत होतो. दोनदा ते गुरगुरलं. तिसऱ्यांदा तिनं ताटली उचलली, तसं ते तिच्या हाताला लटकलं. अंगठ्याच्या बुडाशी दात पार आत गेले. तिनं हात झटकला तरी सुटेना. मी लाथ घातली तवा सुटलं, आणि सुटताना मांस फाटलं.

सून शिलाई टाकून धावली. तिनं पोरीला उचललं, मोरीत नेलं, नळाखाली हात धरला आणि साबण चोळायला लागली. रक्त आणि फेस एकत्र वाहत होता. माझं डोकंच फिरलं. कुत्र्याच्या चाव्याला पाणी लावायचं नाय, पाण्यानं विष अंगात पसरतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

माझा थोरला भाऊ असाच गेला. मी सहाचा, तो नऊचा. गावच्या कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. बापानं जखमेत तिखट भरलं, वरून रुईचा चीक लावला, मंतरलेला दोरा बांधला. कुत्रं मात्र रानात पळालं, सापडलं नाय. दीड महिन्यानं भाऊ पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागला. त्याला गोठ्यात मेढीला बैलाच्या दाव्यानं बांधलं. मी कुडाच्या फटीतून बघायचो. तो दावं चावायचा, त्याच्या ओठांचं रक्त व्हायचं, लाळ गळायची, आणि आई दिसली की तिच्याही अंगावर धावायचा. तिसऱ्या दिवशी तो शांत झाला. बाप म्हणाला, कुत्रं जित्तं राहिलं म्हणून पोरगं गेलं. चावणारं कुत्रं दिवस मावळायच्या आत मारलं की विष चढत नाय. त्यानं मग गावातली दिसतील तेवढी कुत्री मारली. मीही त्याच्या मागं दगड घेऊन फिरलो.

ते सगळं त्या मोरीत माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी सुनेच्या हातून पोरीचा हात हिसकला. स्वयंपाकाच्या ओट्यावरून तिखटाचा डबा घेतला, मूठ भरली आणि जखमेत दाबली. पोरीनं जो आवाज काढला, तो मी माणसाच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकत होतो. सून माझ्या दंडाला लोंबकळली. मी तिला ढकललं, ती मशीनवर जाऊन आदळली. उठली ती डब्याचं झाकण घेऊन, आणि ते तिनं माझ्या कपाळावर मारलं. लग्न होऊन आल्यापासून माझ्यापुढं डोक्यावरचा पदर न ढळलेली बाई. माझी भुवई फुटली.

ती म्हणाली, "मामा, तिला हात लावाल तर मी तुमचा जीव घीन."

मी पोरीचा हात सोडला, पण कुत्र्याला सोडणार नव्हतो. दाराआड फावडं होतं, ते घेतलं. कुत्रं दिवाणाखाली कोपऱ्यात गेलं होतं. दांड्यानं बाहेर ओढलं तर ते शेपूट हलवत आलं. त्याला वाटलं असंल खेळतोय. पहिला घाव कमरेवर बसला. ते पुढच्या दोन पायांवर सरपटत पोरीकडंच निघालं. दुसरा मानेवर, तिसरा डोक्यावर. फरशीवर, भिंतीवर, माझ्या धोतरावर रक्त. पोरगी मोरीच्या उंबऱ्यावर उभी होती, हाताला तिखट, आणि रडायची थांबली होती. मी तिला सांगितलं, आता तुला काय व्हायचं नाय. मला खरंच तसं वाटत होतं. मला हलकं वाटत होतं.

सून तिला रिक्षात घालून निघाली. मीही पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. तिनं उतरा म्हणलं, मी उतरलो नाय. मुलगा कंपनीतून थेट सरकारी दवाखान्यात आला. त्यानं बायकोकडून ऐकलं, मला कॉलर धरून भिंतीला लावलं आणि चार लोकांत कानाखाली मारली. मी त्याला फिरून मारली. वॉचमननं दोघांना सोडवलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या सुनेहून मोठी दिसत नव्हती. तिनं आधी पाऊण तास तिखट धुऊन काढलं. पोरीला दोघांनी दाबून धरलं होतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, एवढंच घरी करायचं असतं, ती म्हणाली. सुनेनं तेच सुरू केलं होतं. तिखटानं मांस भाजलं होतं आणि आतली लाळ धुवायचा वेळ माझ्या मुठीनं खाल्ला होता. मग तिनं जखमेच्या भोवती सुया टोचल्या. त्या सुया मला बघवल्या नायत, आणि मी बैलाला डाग देताना तोंड न फिरवलेला माणूस आहे.

शेवटी तिनं विचारलं, कुत्रं कुठंय.

मी छाती काढून म्हणलं, "मारलं. दिवस मावळायच्या आत."

तिनं पेन खाली ठेवलं. "बाबा, ते जिवंत पाहिजे होतं. दहा दिवस बांधून ठेवायचं आणि बघायचं. दहा दिवस ते धडधाकट खात-पीत राहिलं तर चावलं तेव्हा त्याला रोग नव्हता. आता ते आपल्याला कोण सांगणार?"

मी म्हणलं, ते पिसाळलेलं नव्हतं. ताटली ओढली म्हणून चावलं, मी बघत होतो. तिनं पेन परत उचललं आणि लिहायला लागली. मग मारलं कशाला, हे तिनं विचारलं नाय. मुलानं विचारलं, आणि मी धोतरावरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडायला लागलो.

डॉक्टरीणबाई म्हणाली, सुया वेळेत पडल्यात, भ्यायचं कारण नाय, फक्त आता एकही चुकवायची नाय. दंडात एकूण पाच सुया, महिनाभरात. सून भ्यायची ती भ्यालीच. दहावा दिवस आला तसा तिनं मशीन बंद केलं आणि पोरीजवळ बसून राहिली. कुत्रं असतं तर त्या दिवशी ती हसली असती. मी रोज पोरगी पाणी पिते का ते बघायचो. माझ्या हातचा गिलास ती घेत नव्हती, म्हणून दारामागून बघायचो. घोट खाली उतरला की माझा श्वास उतरायचा. मुलगा माझ्याशी बोलत नव्हता, मीही गेलो नाय बोलायला. फक्त सुयांचे दिवस मी पाठ करून ठेवले, कुणाला विचारले नायत. त्या दिवशी रिक्षात पुढं जाऊन बसायचो.

दवाखान्यात दर वेळी नर्स रजिस्टर उघडून तेच विचारायची: कुत्र्याचं काय झालं. पहिल्या दिवसानंतर माझी छाती बसली होती. मी म्हणायचो, मेलं. ती तसं लिहायची.

पाचव्या सुईच्या दिवशी पोरीनं दंड स्वतःच पुढं केला. नर्सनं सुई दिली, कापूस लावला, आता संपलं म्हणाली, आणि सवयीनं रजिस्टरात बघत विचारलं.

मी म्हणलं, मेलं.

"मेलं नाही," पोरगी म्हणाली. महिन्याभरात तिनं मला आबा म्हणून हाक मारली नव्हती. "ते मला चाटायला येत होतं. आबानं मारलं."

बाकावरचे लोक वळून बघायला लागले. सुनेनं तिला जवळ ओढलं. नर्स म्हणाली, असू दे आजोबा, आता काय फरक पडतो, कोर्स तर पुरा झाला.

मी म्हणलं, "खोडा ते. मी मारलं असं लिवा. चांगलं होतं, आणि मी मारलं."

तिनं लिहिलं का नाय, मला दिसलं नाय. माझा चष्मा घरी होता.