वीस बाटल्या आणि फलाट क्रमांक सहा

विमानात एकदाही न बसता विमानापायी तोंडावर आपटलेला सांगलीतला मी बहुधा एकटाच माणूस असेन.

दोष माझ्या आवाजाचा. तेहतीस वर्षं मी एस.टी.त काढली, साताऱ्याच्या स्टँडावर, चौकशीच्या खिडकीमागं बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात. मेढा, महाबळेश्वर, फलटण, सांगली, दिवसभर तेच. निवृत्त होऊन सांगलीला घरी आलो तेव्हा माइक तिकडं राहिला आणि आवाज इकडं आला. (बायको म्हणते, उलटं झालं असतं तर बरं झालं असतं.) मी भाजीवाल्याकडं कोथिंबीर मागितली तरी पलीकडच्या गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन बाहेर येतात.

मे महिन्यात फलटणला पुतण्याचं लग्न होतं. तिथं व्याह्यांनी सहज विचारलं, "चौगुलेआप्पा, तुमची श्रुती पुढं काय करणार?" श्रुती म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, वय एकोणीस. बारावीला फिजिक्समध्ये राहिली होती, दुसऱ्या खेपेला कशीबशी सुटली. मी व्याह्यांच्या कानाशी लागून हळूच म्हणालो, "तिच्यानं काय व्हायचं न्हाई बघा."

हळूच, म्हणजे माझ्या मानानं हळूच! सनईवाल्यानं सनई खाली घेतली. जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत वाढत असलेली श्रुती जागच्या जागी थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

त्या दिवसापासून सहा महिने पोरगी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. निरोप सगळे आईमार्फत. "आई, आप्पांना सांग, चष्मा त्यांच्याच डोक्यावर हाय." आणि मी समोर बसलेला! माफी मागायची म्हटलं तर तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जाणार, म्हणून मी थांबलो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. बापानं मुलीची माफी कशी मागायची, ते मला ठाऊकच नव्हतं.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि एका सकाळी श्रुती माझ्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"आप्पा, एक काम कराल?"

मी एवढ्या घाईनं उठलो की पेपर, चहा आणि खुर्ची तिन्ही पालथी झाली. "एक का, धा सांग!"

"धा नगंत. एकच. आनि हळू बोला."

तर काम असं होतं. तरुण मुलांसाठी एक स्पर्धा निघाली होती. विमानं आभाळात धूर सोडतात, तो कमी कसा करता येईल, यावर कल्पना सुचवायच्या. श्रुतीनं आम्हाला न सांगता कल्पना पाठवली होती आणि ती निवडलीही गेली होती! घरोघरी तळण झालं की उरलेलं जळकं तेल लोक मोरीत ओततात. ते गल्लीगल्लीत गोळा केलं तर त्याच्यापासून विमानाचं कमी धुराचं इंधन करता येतं. अंतिम फेरी रविवारी साताऱ्याच्या एका कॉलेजात होती. तिथं तिला वीस घरांतलं वीस बाटल्या जळकं तेल मांडून दाखवायचं होतं. पोरगी मुलखाची लाजाळू, दारोदार जाणं तिच्यानं होईना.

"फक्त वापरल्यालं तेल," तिनं मला दोनदा बजावलं. "आनि बाटलीवर नुसता नंबर टाका. बाकी काय लिव्हू नका."

एवढंच! एवढंच करायचं होतं मला. पण सहा महिन्यांनी मुलगी बोलली होती आणि माझं पोट आनंदानं डब्ब फुगलं होतं. नुसता नंबर टाकून माझं समाधान कसं व्हायचं? मी बाजारातून जाड चिठ्ठ्या आणल्या, लाल शाई आणली आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पुकारा केला, "माता-भगिनींनो! आपल्या गल्लीचं तेल इमानात जाणार हाय! रविवारी साताऱ्याला मांडणार हाय! परतेक बाटलीवर घराचं नाव असनार हाय, मोठ्या अक्षरात!"

टाळ्या पडल्या. मला वाटलं, जमलं.

पहिल्या घरच्या कुसुमकाकू म्हणाल्या, "आवं आप्पा, नाव लिव्हणार म्हंजे? जळक्या तेलावर माजं नाव?"

"लाल शाईत!" मी अभिमानानं म्हणालो.

काकू जराशा घुटमळल्या. त्यांच्या धाकटीचं सासर मेढ्याचं, आणि मेढ्याची माणसं सारखी साताऱ्याला येतात. "द्या बाटली, भरून आनते," म्हणून त्या आत गेल्या. अशा एकोणीस बायका आत गेल्या आणि हसतमुखानं बाहेर आल्या. तेल कसं, पिवळंधमक! धरलं तर पलीकडचा माणूस दिसावा! मी मनात म्हटलं, काय स्वच्छ तळतात आमच्या गल्लीतल्या बायका.

विसाव्या घरी नदाफभाबी. त्यांनी सरळ विचारलं, "चौगुले, ह्यात तीनदा बोंबील तळल्यात. तुमच्यात चालंल का?"

आम्ही जैन. आमच्या घरी कांदासुद्धा दाराबाहेरच थांबतो, बोंबलाचं तेल कुठून यायचं? पण नाही कसं म्हणायचं? मी ती काळीकुट्ट बाटली दोन बोटांत धरून आणली आणि स्कूटरच्या डिकीत ठेवली. घरात नेण्याचं धाडस झालं नाही.

शनिवारी दुपारी श्रुतीनं तपासणीच्या कागदी पट्ट्या काढल्या. पट्टी तेलात बुडवायची, तिचा रंग बदलला की तेल जळकं. पहिल्या बाटलीत बुडवली, रंग बदलला नाही. दुसरीत, नाही. पाचवीत, नाही. एकोणिसावी झाली तेव्हा तिनं पहिल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली, ‘श्रीमती कुसुम यांच्याकडून सप्रेम’, आणि माझ्याकडं बघितलं. तेच फलटणचं बघणं!

"आप्पा, हे नवं तेल हाय. डब्यातनं काढल्यालं. तुमी नावं लिव्हली?"

मी मान खाली घातली. मग जी चूक माणूस नेहमी करतो ती मी केली. गप्प बसलो नाही.

"त्यात काय!" मी म्हणालो. "नवं हाय ना? मग जाळू की! आत्ता जुनं करून देतो!"

बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन देवळातल्या, स्वयंपाकघरातली मोठी कढई उचलून आणली. एकोणीस बाटल्या तिच्यात रिकाम्या केल्या. बायकोला म्हटलं, "भजी सोड." मिरचीची सोडली, कच्च्या केळ्याची सोडली, ओव्याच्या पानाची सोडली. कांदा-बटाटा आमच्यात चालत नाही, तेव्हा दोडका संपला, मग भोपळा संपला. वास सुटला, गल्ली जमली. बायका ताटल्या भरून नेत होत्या आणि जाताना प्रेमानं विचारत होत्या, "आप्पा, आनि तेल आनून देऊ का?"

"नगो!" मी ओरडलो. पुढच्या चौकातलं कुत्रं भुंकायला लागलं.

धुरानं डोळे चुरचुरत होते. दर घाण्याला मी पट्टी बुडवत होतो, आणि पट्टी जशीच्या तशी पांढरी! एवढं चांगलं शेंगतेल की जळायलाच तयार नाही! "अजून एक घाणा!" मी म्हणालो.

बायकोनं गॅस बंद केला. "दिवस मावळाया लागलाय. आपल्यात आता चूल न्हाई का खाणं न्हाई."

"अगं, पोरीच्या भविष्याचा प्रश्न हाय!"

"आप्पा," श्रुती म्हणाली. एवढ्या वेळात ती कोपऱ्यात उभी होती. "हे खोटं हाय. धूर कमी कसा करायचा ते सांगाया मी निघालीया, आनि तुमी त्याच्यासाठी गल्लीभर धूर केलाय. ऱ्हाऊ द्या आता."

मी झाऱ्या खाली ठेवला. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. "आई, आप्पांना सांग, सकाळी साडेपाचची गाडी हाय."

झालं! पुन्हा आईमार्फत. सहा महिन्यांनी मिळालेलं माझ्या हातानं घालवलं होतं. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. (भजी पोटात होती ती गोष्ट वेगळी.)

रविवारी साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये बाकीच्या पोरांच्या टेबलांवर तक्ते, दिवे, फिरणारी पंखवाली विमानं. आमच्या टेबलावर एक बाटली. काळी, स्कूटरच्या डिकीतून काढलेली. तिच्याखाली बायकोनं घरातला चांगला भरतकामाचा रुमाल अंथरून दिला होता, आणि श्रुतीनं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, ‘घर क्रमांक वीस. बोंबील. तीन वेळा.’ ज्या बाटलीला मी घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, तेवढी एकच खरी निघाली होती.

परीक्षक बाईंनी विचारलं, "एकच? या कल्पनेत अडचण काय आली?"

श्रुती माइकसमोर उभी राहिली. मला वाटलं, रडणार. ती म्हणाली, "मॅडम, लोकांना जळक्या तेलाची लाज वाटते. मागितलं तर ते चांगलं तेल देतात. त्यामुळे नाव न विचारता गोळा केलं पाहिजे. आमच्या आप्पांनी नावं लिहिली."

हॉल हसला. बाई म्हणाल्या, "आप्पा आलेत का?"

"हजर!" मी म्हणालो. मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातातला चहा सांडला.

बक्षीस नाही. उत्तेजनार्थही नाही. पहिला नंबर उसाच्या मळीपासून इंधन सुचवणाऱ्या एका मुलीला मिळाला. ती कुठली असावी? फलटणची!

परतीला साताऱ्याच्या स्टँडावर आलो. श्रुती सांगलीच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसली, बाटली मांडीवर. मी पाण्याची बाटली घ्यायला उतरलो, तर चौकशीच्या खिडकीतून माझ्या हाताखाली शिकलेला शिंदे ओरडला, "सर! या की! एकदा पुकारा, स्टँडाला बरं वाटंल!"

माइक हातात आला आणि माझा ऊर भरून आला. म्हटलं, फलटणला जे चारचौघांत बोललो ते इथं चारचौघांत परत घ्यायचं. आत्ताच. खिडकीतून श्रुती दिसत होती. मी घसा साफ केला, बटण दाबलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून आपोआप आलं, "सातारा-सांगली गाडी फलाट क्रमांक सहावरून सुटत आहे! प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात!"

तेहतीस वर्षांची सवय! कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली, वळली आणि चालू लागली.

"श्रुती!" मी माइकमध्येच ओरडलो. "फलटणला मी बोललो ते चुकलं माजं! तुज्यानं समदं व्हतंय! माज्यानंच काय व्हत न्हाई! आनि ती गाडी थांबवा!"

गाडी फाटकाबाहेर गेली. सगळा स्टँड माझ्याकडं बघत होता. खिडकीशी आलेल्या एका आज्जींनी विचारलं, "आवं, मेढ्याची कवा लागायची?" ती लागलेली होती. मी पुकारली. दुसरं काही सुचेना.

मग फोन वाजला.

"आप्पा," श्रुती म्हणाली. आईमार्फत नाही, सरळ. "ऐकू आलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "मी कराडला उतरून थांबते. मागच्या गाडीनं या."

"येतो बाळा! आत्ता येतो!"

"हळू बोला आप्पा. समदी बस ऐकतीया."

मागची गाडी तासाभरानं होती. शिंद्यानं चहा पाजला आणि माझ्या हातातला माइक हळूच काढून घेतला. गाडी चुकलेल्या प्रवाशांवर मी तेहतीस वर्षं खेकसत आलो, "पुकारल्यालं ऐकू येत न्हाई का?" आता त्यांच्याच बाकड्यावर मी बसलो होतो, आणि माझी गाडी मीच पुकारून सोडली होती.