फईबाचं पान

लालबागच्या एका खोलीत आम्ही अकरा माणसं राहायचो. तिथे भुताला पाय ठेवायला जागा कुठली! म्हणून घाटकोपरच्या नव्या बिऱ्हाडात कुणीतरी आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं, तेव्हा भीती वाटायच्या आधी मी हरखूनच गेले. आपल्या घरात भूत! वर्गात एकीच्याही घरी नव्हतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. गुजराती घरमालक वर राहायचे आणि त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. आई, वडील, मी आणि धाकटा भाऊ, बस्स. लग्नानंतर पहिल्यांदाच आईला स्वतःची चूल मिळाली होती. लालबागला मोठ्या काकूचं राज्य. आई तिथे कुजबुजत बोलायची, मीठ घालायचं तेही विचारून. घाटकोपरला आल्यावर आठवड्याभरात ती भांडी घासताना गुणगुणायला लागली. आईचा आवाज गोड आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि त्याच आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला, चूल विझलेली, आई जरा आडवी झालेली, मी गणितं सोडवत बसलेली, अन् हिंगाच्या फोडणीचा घमघमाट सुटला. आमच्याकडे हिंग आणलाच नव्हता! छताला आधीच्या कुणाच्या तरी झोपाळ्याच्या कड्या होत्या. झोपाळा नव्हता, तरी वरून कुर्र कुर्र ऐकू येत होतं. हातावर सरसरून काटा आला. मी श्वास रोखला आणि मनात म्हटलं, थांब, जाऊ नकोस!

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. पोटात गोष्ट ठेवण्याचा गुण माझ्यात आजही नाही. आईला सांगितलं तसं तिने हातातलं काम टाकलं. "माका पण येता गो वास," ती म्हणाली. बिचारीला वाटत होतं, आपल्यालाच भास होतोय.

वडील कामावरून आले आणि ऐकून हसलेच. "भूतबीत काय नाय. कोकणातली भुता कोकणातच ऱ्हवली." पण कोकणी माणूस भुताला कितीही हसला तरी जागेच्या राखणदाराचा मान चुकवत नाही. रविवारी वडील स्वतः कोंबडा घेऊन आले. आईने वडे तळले, सागोती केली, कोपऱ्यात केळीचं पान वाढलं. वडिलांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! हयसरचो जो कोण राखणदार आसात, तेका ह्यो मान दिलेलो असा. तो गोड मानून घे आणि लेकरांबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही बहीणभाऊ बेंबीच्या देठापासून ओरडलो. मला वाटलं, झालं, आता आपलं भूत एकदम खूश.

कसलं खूश! सोमवारी दूध नासलं. मंगळवारी नासलं. बुधवारी दूध नासलंच, वर लोणच्याची बरणी फळीवर ठेवल्या ठेवल्या तडकली. हिंगाचा वास बंद झाला आणि दुपारी खोलीत अशी रुसल्यासारखी शांतता पसरायची की भाऊसुद्धा गप्प बसायचा. आईचं गुणगुणणं थांबलं. गुरुवारी ती म्हणाली, "सोमवारी अमावास्या. तेच्या आधी लालबागाक परत जावया. लेकरांक काय झाला तर?" वडिलांनी ट्रंक खाली काढली, म्हणजे त्यांनाही पटलं होतं.

माझी तर वाटच लागली. भुताचा डंका पिटला मी, आणि त्यापायी आई पुन्हा काकूच्या हाताखाली जाणार! स्वतःचा असा राग आला की मी तशीच जिना चढून घरमालकिणीकडे गेले आणि विचारलं, "खाली आधी कोण राहायचं? खरं सांगा."

ती पापड लाटत होती. "फईबा. आमच्या शेटची आत्या. दोन वरस झाला, गेली. का?"

मी सगळं सांगितलं. कोंबड्यापर्यंत आले आणि तिच्या हातातलं लाटणं सुटलं. "अरे भगवान! फईबाला तुमी कोंबडी वाढली? ती तर कांदापण नाय खात!" पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मीही हसत सुटले. मग ती हळूहळू सांगू लागली. फईबा दहाव्या वर्षी विधवा झाली. चाळीस वर्षं त्याच दोन खोल्यांत काढली. वरच्या सगळ्यांचं रांधून, वाढून झालं की अडीच वाजता खाली जायची, स्वतःपुरती कढी-खिचडी करायची आणि एकटीच जेवायची. "जेवली का, असा कोण विचारणार तिला?" मालकीण म्हणाली.

मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आले. आईने सगळं ऐकलं. मग कंबर कसून उठली. राखेने भांडी लख्ख घासली, चूल सारवली, वर जाऊन गोडसर कढी शिकून आली, येताना हिंग मागून आणला. रविवारी दुपारी बरोबर अडीचला पान वाढलं. वडील गाऱ्हाणं घालायला पुढे झाले, तर आईने हाताने त्यांना थांबवलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"फईबाय," आई म्हणाली, "आमका म्हायत नाय होता. चूक झाली. आज तुका आवडता ताच केलंय. एकट्यान जेव नको. मी बसतंय तुझ्यावांगडा."

आणि तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि पानासमोर बसली. वडील जेवले नव्हते, आम्ही जेवलो नव्हतो. आमच्या आधी आईला जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. भाऊ "भूक लागली" म्हणायला गेला, तशी मी त्याला चिमटा काढला. आई सावकाश, चवीने जेवत होती. तिच्या ताटातली कढी संपली तेव्हा वडील खाली वाकले, त्यांनी पळी उचलली आणि विचारलं, "जेवलंस मा पोटभर? अजून वाढू?"

आईने मान वर केली नाही. "घाला थोडी," म्हणत ताट पुढे केलं. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. आता लालबागला जायचं नाही, हे कुणी न सांगताच मला कळलं होतं.