सुकटीचा वास आणि स्पेनचा धडा

शेजारची मोरोक्कन बाई. आधी तिचं नाव घ्यायला हवं, पण ती म्हणाली, नाव नको लिहूस. म्हणून नुसती शेजारीण. इथे परदेशात, ओंगार नावाच्या उपनगरातलं भाड्याचं घर आज आमच्याकडे आहे, ते तिच्यामुळे.

माझी शाळा नववीत सुटली. नवरा हॉटेलात शेफ, त्याच्यामागे मी इथे आले. इथल्या आपल्या मराठी मंडळातले बाकी बहुतेक इंजिनिअर. त्यांना मी चकल्या, डबे करून देते. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते मोठमोठं लिहितात, मी अंगठा देते. गिऱ्हाईकं आहेत, न देऊन कसं चालेल?

मागे घरमालकाच्या एजंटचं पत्र आलं. स्वयंपाकाच्या वासाची तक्रार आहे, लीज, म्हणजे भाडेकरार, वाढवायचं की नाही ते घराच्या तपासणीनंतर ठरवू. इथे घर गेलं की माणसं नातेवाइकांच्या सोफ्यावर म्हातारी होतात. आम्हाला तर नातेवाईकही नाहीत. माझी झोप उडाली.

शेजारणीचं घरही त्याच एजंटकडे. त्यामुळे आमची एक पद्धत पडलेली. माझी तपासणी असली की माझा हिंग, मसाले, सुकट तिच्याकडे. तिची असली की तिचे डबे माझ्या हॉट प्रेसमध्ये, गरम टाकीच्या त्या कपाटात, टॉवेलांच्या मागे. ओट्यावर दुकानातला ॲपल टार्ट मांडायचा. खायचा नाही, दाखवायचा. एकच टार्ट दोन्ही घरांत फिरायचा.

टार्ट बघून एकदा ती हसली. "आमच्यात हे जुनं आहे, सिस्टर."

तिचे पूर्वज स्पेनमधल्या ग्रानाडाचे. शहर ख्रिस्ती राजाराणीच्या हाती गेलं, तेव्हा लेखी वचन मिळालं होतं : धर्म तुमचा, भाषा तुमची, कपडे तुमचे. थोड्याच वर्षांत वचन फिरलं. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर निघा. घेतला, तरी विश्वास नाही. शुक्रवारी दारं उघडी ठेवायची, आत नमाज चालतो का ते दिसायला हवं. आंघोळ जास्त केली तरी संशय. मग बायका म्हणे मुद्दाम डुकराची चरबी तव्यावर टाकायच्या, वास गल्लीत जावा म्हणून.

"तो त्यांचा ॲपल टार्ट," ती म्हणाली.

"आणि एवढं करून?"

"एवढं करून शेवटी जहाजात घालून देशाबाहेर हाकललं."

पुढच्याच गुरुवारी मंडळातल्या एका साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, 'स्पेनकडून शिका. उशिरा का होईना, साफ केलं!' धडाधड अंगठे पडले. त्यात एक माझा. एरवी न कळून देते, या वेळी कळून दिला. कारण दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांची परतलेल्या सुकटीची ऑर्डर होती. ते स्वतःच्या घरी सुकट करत नाहीत. घरमालकाला वास चालत नाही ना!

शुक्रवारी सुकट तव्यावर, आणि दारात एजंट. तपासणी सोमवारी होती, तो आधीच आला. आत आला, नाक आक्रसलं. माझ्या हातात उलथनं.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारीण. त्याची गाडी तिने खिडकीतून बघितली होती.

"माझं आहे ते," ती म्हणाली. "माझा स्टोव्ह बिघडलाय, म्हणून इथे करतेय."

"आणि मागच्या तक्रारी?"

"त्याही माझ्याच. हिच्या घराला कसला वास?"

"हे तुम्ही खाता?"

तिने चिमूटभर सुकट उचलून तोंडात टाकली. चावली. हसली. डोळ्यांत टच्चकन पाणी. सुकटीचा वास तिला एरवी बंद डब्यातूनही सोसत नाही.

"ग्रँड, ठीक आहे," म्हणत त्याने तिचं नाव लिहून घेतलं. आमचं लीज वाढलं.

"आणि तुझं?" मी विचारलं.

"माझं गेल्याच महिन्यात वाढलंय. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

संध्याकाळी सुकट पोचवायला गेले, तर साहेबांनी डबा उघडून बघितला. "वहिनी, थोडी कमी वाटतेय."

"हो," म्हटलं, "चिमूटभर तपासणीला गेली."

घरी येऊन तो अंगठा काढून घेतला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. शेजारणीला अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही.

पण पुढच्या वर्षी एजंट तिच्या दारात येईल, तेव्हा मी मागच्या दाराने जाईन. तिच्या पातेल्यात काय असेल ते तोंडात टाकीन, माझा उपासाचा सोमवार असला आणि आत मटण असलं तरी, आणि म्हणेन, माझं आहे ते.